डावीकडचा काठ

आधी काठ दिसतो.
मग दुखतं.

काठ म्हणजे साडीचाच. सोळा वर्षं
इंदूरच्या क्लॉथ मार्केटात, बाकलीवाल शेठच्या गादीवर
मी महेश्वरी उलगडून दाखवते,
त्यामुळे डॉक्टरांना सांगताना दुसरं काही सुचलं नाही:
समोरच्या गिऱ्हाइकाचा अर्धा चेहरा नाहीसा होतो,
तिथे वीट-काठ येतो. वीट, वीट, वीट,
कडेकडेने चमकत, पाण्यात हलल्यासारखा,
वाढत वाढत डोळ्याबाहेर निघून जातो.
वीस मिनिटं. घड्याळ लावून पाहिलंय.

डॉ. चांदोरकर हसले नाहीत.
म्हणाले, किल्ल्याच्या तटासारखा?
म्हटलं, नक्षी तिथूनच तर उतरवलीय विणकरांनी.
म्हणाले, आमच्या पुस्तकांतही त्याला तटबंदीच म्हणतात.

पुढच्या दुखण्याला मात्र काठ नाही.
डाव्या कानशिलात कुणीतरी कापड मोजायला बसतं
लोखंडी गज आपटत, ताग्यामागून तागा,
मोजणी संपतच नाही.
खालच्या गाडीवर पोह्यांवर पडणारी बडीशेप
मला तिसऱ्या मजल्यावर ओकारी आणते.
सकाळची कचरागाडी गात येते तेव्हा
मी उशी कानावर नाही, डोळ्यांवर घेते,
कारण तो आवाज मला दिसतो.

शेठाणी म्हणाली, आधासीसी है,
सूरज निकलने से पहले दूध-जलेबी खा.
एकवीस दिवस खाल्ली.
तीन किलो वजन वाढलं, आणि दुखणं दुप्पट.
डॉक्टरांनी विचारलं, जिलबी आणायला उठायचात किती वाजता?
साडेचार.
त्यांनी पेन खाली ठेवलं.

कारण एकच नसतं म्हणाले.
जागरण, उपास, पाळीच्या आदले दिवस,
दुकानाच्या काचेवरचं ऊन,
एकेकटं येतं तेव्हा खपून जातं,
तिघं मिळून आले की गाठ बसते.
वही घाला. काय खाल्लं, कधी झोपलात, कधी दुखलं.
रविवारी उशिरापर्यंत लोळू नका, तेही त्याला आवडत नाही.
एक गोळी रोज रात्रीची.
एक, पहिली वीट दिसली की लगेच.
पण ती मोजून. ऊठसूट घेतलीत तर
गोळीनेच डोकं धरेल.

आणि घरात कुणाला होतं?
नाही, म्हटलं. पटकन.

जिना उतरून राजवाड्यापर्यंत आले,
ई-रिक्षात एक पाय टाकला,
आणि रामबागेतली दुपार आठवली.
दाराच्या फटीत कोंबलेली जुनी रजई,
कपाळावर वाळून तडकलेली सुंठ,
आई भिंतीकडे तोंड करून.
पाहुणे यायचे म्हटलं की हिचं डोकं, असं काकू म्हणायची.
माझ्या शाळेच्या स्नेहसंमेलनाला आली नाही
तेव्हा बारा वर्षांची मी
तिच्या उशाशी उभी राहून म्हटलं होतं, नाटक करतेस तू.
ती एवढंच म्हणाली,
दिवा मालव गं.

रिक्षावाला म्हणाला, बैठना है क्या मैडम?

परत जिना चढले. अकरा पेशंट होते पुढे.
कंपाउंडरला म्हटलं, फायलीत लिहा.
त्याने निळ्या शाईने लिहिलं, माता.
बस, एवढंच. हिंदीत.
आई जाऊन चौदा वर्षं झाली,
तिच्या दुखण्याची कागदावर झालेली ही पहिली नोंद.

अजून येतो काठ. महिन्यातून दोनदा, कधी तीनदा;
पूर्वी मोजत नव्हते.
परवा ऐन लग्नसराईत आला,
खरगोनहून आलेल्या नवरीच्या नाकावर पहिली वीट चमकली.
जमुना, ही साडी तू दाखव, म्हटलं,
गोळी घेतली
आणि मागच्या गोदामात, खळीच्या वासात,
गठ्ठ्यांच्या मधल्या अंधारात आडवी झाले.
शेठ काहीतरी बोलले. जमुना त्यांना काहीतरी बोलली.

मग बराच वेळ
ती बाहेर अस्तर मोजत होती.
गज आपटत नव्हती.